मातीच्या घरासमोर मांडलेला संसार

प्रश्न असा आहे: अमेरिकेत सुरुवातीला जमीन कसायला गेलेल्या कुटुंबांचे जुने फोटो पाहिले. मागे मातीचं घर, पुढे खुर्च्यांवर ओळीनं बसलेलं घरदार, बाजूला घोडे, एखादी गाय, कधी टेबलावर कलिंगड. आणि चेहरे मात्र सगळ्यांचे सुतकी. ही माणसं एवढी दुःखी होती का? आणि असे फोटो, त्याआधीची चित्रं, कितपत खरी मानायची?

जुन्या फोटोंच्या, त्यातही काचेच्या निगेटिव्हच्या (कॅमेऱ्यात उमटणारी, काळ्याचं पांढरं झालेली मूळ प्रत), जतनाच्या कामात माझी पंचविसेक वर्षं गेली. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, चेहऱ्यावर जाऊ नका. अशा फोटोत सगळ्यात कमी बोलतो तो चेहरा. अंगणात काय काय मांडलंय ते आधी बघा. मग कोणती वस्तू कुठून बाहेर आणलेली दिसते ते बघा. घराचं दार उघडं असेल तर शेवटी तिथून आत डोकवा.

तुम्ही वर्णन केलेले फोटो बहुधा सॉलोमन बुचरचे आहेत. नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, या फोटोग्राफरनं ते १८८६ पासून काढले. हा गडी स्वतः शेतीत फसलेला. १८८० साली घरच्यांबरोबर तिथं आला, जमीन घेतली आणि थोड्याच दिवसांत टेकीला आला. पगाराची नोकरी सोडून दिवसाला पाऊण डॉलरवर मातीची ढेकळं रचायला येणारा माणूस वेडाच म्हणायचा, असं त्यानंच पुढे आपल्याबद्दल लिहून ठेवलंय. मधे डॉक्टरकी शिकायला गेला, तीही अर्धवट टाकली. परत येऊन फोटोचा धंदा सुरू केला. मग डोक्यात आलं की या काउंटीचा इतिहास फोटोंसकट लिहून काढायचा. घोडागाडीत कॅमेरा, तिवई आणि साडेसहा बाय साडेआठ इंची काचा भरून तो शेतावरून शेतावर हिंडायला लागला. मुक्काम पडेल तिथं जेवायचं, फोटो काढायचा, जमलं तर विकायचा. अशा तीन हजारांहून जास्त निगेटिव्ह त्याच्या नावावर आहेत.

ही माणसं तिथं आली कशी? अब्राहम लिंकननं २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन, किरकोळ फी, आणि अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहून ती कसून दाखवायची. मग पट्टा तुमच्या नावावर. कायदा पुढे शंभरावर वर्षं चालला आणि त्याखाली सोळा लाखांच्या आसपास पट्टे दिले गेले. पण अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या हाती पट्टा पडलाच नाही. दुष्काळ, कर्ज, टोळधाड, आजारपण, किंवा नुसता एकटेपणा, यांपैकी कशानं ना कशानं माणसं उठून परत गेली. फोटोत बसलेल्या कुटुंबाकडे बघताना हे ध्यानात ठेवा. पाच वर्षांची मुदत अजून चालू आहे आणि आपण टिकणार की नाही हे त्यांना त्या घडीला ठाऊक नाही.

आता ते घर. त्या माळावर झाड नाही. लाकूड आणायचं तर लांबून, आणि रोख पैसे मोजून. दगडही नाही. होतं काय, तर शेकडो वर्षांच्या गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली माती. खास नांगरानं तिचे फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्टे उलथायचे, फावड्यानं अडीच-तीन फुटांवर तोडायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड. सोळा बाय वीस फुटांच्या एका खोलीलाच नव्वदेक टन माती लागे असा हिशेब सांगतात. लोक या ढेकळांना गमतीनं ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणायचे. घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार, तक्रार सगळी छपराची. पाऊस बाहेर थांबला की आत सुरू व्हायचा. वरून माती, किडे आणि प्रसंगी साप पडू नये म्हणून बायका आढ्याखाली मांजरपाटाचं कापड ताणून बांधत. चुलीला जळण नाही, म्हणून माळावरचं वाळलेलं शेण गोळा करायचं. आधी गव्यांचं, गवे संपल्यावर गायीगुरांचं. गोवरी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या सुनांना मात्र पहिल्यांदा तिला हात लावताना शिसारी यायची. म्हणतात, सुरुवातीला त्या चिमट्यानं उचलत, मग फडक्यानं, आणि वर्षभरानं शेण उचलून हात पदराला पुसून भाकरीच्या पिठात घालत. (पदर आणि भाकरी माझी. तिकडे एप्रन आणि पाव.)

या मातीच्या घरांबद्दल लाज मात्र होती, आणि बुचरच्या फोटोतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट याच लाजेची आहे. हिल्टन नावाच्या कुटुंबाचा एक फोटो आहे. कुटुंब उघड्यावर उभं आहे, भोवती गुरं, आणि मधोमध चक्क एक पायपेटी. आपल्या संगीत नाटकांत वाजायचा त्याच जातीचा, पायानं भाता मारायचा ऑर्गन. झालं असं की बाईंना पूर्वेकडच्या मैत्रिणींना आणि नातेवाइकांना फोटो पाठवायचा होता. आपल्याकडे ऑर्गन आहे हे त्यांना दिसायला हवं होतं आणि आपण मातीच्या घरात राहतो हे दिसायला नको होतं. म्हणून तो जडशीळ ऑर्गन घरातून बाहेर ओढून अंगणात आणला, फोटो काढला आणि परत आत नेला. घर चौकटीच्या बाहेर राहिलं.

एवढा एक किस्सा कळला की बाकीचे फोटो उलगडायला लागतात. हे फोटो म्हणजे घरी धाडलेली पत्रं आहेत. शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, खिडकीच्या रुंद कोनाड्यातली फुलझाडाची कुंडी, घोड्यांची जोडी, सगळं पुढे आणून मांडलेलं. सिल्व्हेस्टर रॉडिंगच्या कुटुंबाचा १८८६ मधला फोटो खूप ठिकाणी छापला गेलाय. टेबल बाहेर, त्यावर कलिंगड, आणि मागे गाय थेट छपरावर चढलेली. लोक तो बघून हसतात. पण ते घर टेकडीच्या उतारात खोदून बसवलेलं आहे, आणि गाय मागच्या उतारावर उभी आहे. कलिंगडाचा अर्थ वेगळाच. या मातीत ओल आहे, पीक येतं, आम्ही उपाशी नाही, हे ते गावाकडच्यांना सांगतंय. खिडकीच्या काचा मोजायची सवय मला याच फोटोंनी लावली. भिंत फुकट होती, पण काच विकत घ्यावी लागे. दोन खिडक्यांचं घर आणि चार खिडक्यांचं घर यांत पैशाचा फरक असतो. पवनचक्की दिसली तर घर सावरलं असं समजा, कारण उंच माळावर पाणी फार खोल लागायचं आणि तोवर ते लांबून पिंपांत भरून आणावं लागे.

आता चेहऱ्यांकडे येऊ. सगळीकडे एकच उत्तर मिळतं: तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घ्यायचा वेळ, फार लांब असायचं, तेवढा वेळ हसू टिकत नाही, म्हणून गंभीर चेहरे. हे अर्धसत्य आहे. १८३९ मध्ये डगेरोटाइप ही फोटोची सुरुवातीची पद्धत आली तेव्हा खरंच कित्येक मिनिटं बसावं लागे, आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावत. पण बुचरच्या हाती होत्या कारखान्यात बनलेल्या जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा. भर उन्हात सेकंदाच्या आतबाहेर काम होई. पुरावा फोटोतच सापडतो: माणसं स्पष्ट आणि घोड्याची शेपटी किंवा कुत्र्याचं डोकं तेवढं पुसट. मिनिटभराचं एक्स्पोजर असतं तर कुत्रा दिसलाच नसता. सेकंदभर हसू कुणालाही धरून ठेवता येतं. त्यांनी ते धरलं नाही, कारण फोटोत हसायची रीतच नव्हती. पोर्ट्रेट म्हणजे तैलचित्राची पुढची पिढी, आणि चित्रात दात काढायचा तो खुळा नाहीतर पिऊन आलेला. आपल्या पणजी-पणजोबांचे स्टुडिओतले फोटो काढून बघा, तेही हसत नाहीत. शिवाय तोंडावर ऊन, वारा, वर्षाला एखाददुसरा फोटोवाला येणार आणि त्याचे पैसे द्यायचे, तर माणूस ताठच बसणार. दुःख नव्हतं असं नाही. १८७४ च्या टोळधाडीत उभी पिकं गेली. १२ जानेवारी १८८८ च्या अचानक आलेल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेतच गोठून मेली. पण ते दुःख या चेहऱ्यांत शोधू नका, सापडल्यासारखं वाटेल ते तुमचंच असेल.

फोटो खरे का, या प्रश्नाचा दुसरा भाग थोडा अवघड आहे, कारण बुचर लबाडही होता. सुईसारख्या टोकानं निगेटिव्हवर ओरखडून तो हव्या त्या गोष्टी काढायचा. कुठे झाड, कुठे बदकं. इफ्रेम फिंच नावाच्या एका मोठ्या पशुपालकाचा फोटो आहे, त्यात १८७६ च्या टोळधाडीशी आपण कसे लढलो ते तो करून दाखवतोय. टोळधाड संपून कैक वर्षं झाली होती, मग टोळ आणायचे कुठून? बुचरनं ते निगेटिव्हवर हातानं काढले. आणखी एका फोटोत तोंडाला फडकी बांधलेली माणसं मोठ्या रँचचं, म्हणजे गुरांच्या कुरणाचं, तारेचं कुंपण तोडतायत. घटना खरी, १८८५ च्या सुमाराची. फोटो नंतर माणसं उभी करून काढलेला, अगदी हातातली कातरीसुद्धा लाकडाची. माझ्याकडे कुणी अशी निगेटिव्ह साफ करायला आणली तर नवखा मदतनीस हटकून म्हणतो, ‘सर, हे ओरखडे घालवू का?’ हात लावायचा नाही. फोटोग्राफरनं मुद्दाम केलेली खूण आणि पुढच्या शंभर वर्षांत पडलेला चरा यांत फरक असतो. भिंगाखाली ओरखड्याच्या कडा बघितल्या की तो कळतो. बुचरचे टोळ खोटे आहेत, पण टोळधाडीची आठवण लोकांना कशी दिसायला हवी होती ते त्यांच्यामुळेच कळतं.

टिनटाइपचा सापळा याहून साधा, आणि त्यात भलेभले अडकतात. लोखंडी पत्र्यावर थेट उमटणारी ही स्वस्त पद्धत १८५६ पासून अमेरिकेत पसरली. त्यात निगेटिव्ह नसते, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. बिली द किड या बंदूकबाजाचा असाच एक टिनटाइप आहे. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, त्यावरून तो डावखुरा होता अशी समजूत कित्येक वर्षं चालली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्या विंचेस्टर रायफलीत गोळ्या भरायची खाच उजवीकडे असते आणि फोटोत ती डावीकडे आलीय. संपली डावखुरेपणाची गोष्ट. हाच पत्रा २०११ मध्ये डेन्व्हरच्या लिलावात २३ लाख डॉलरना गेला. टिनटाइप हाती आला की कोट-सदऱ्याच्या गुंड्या कोणत्या बाजूला आहेत ते आधी बघा. आणि अंगठी कोणत्या हातात, यावरून लग्न-बिग्न ठरवायची घाई करू नका.

कॅमेऱ्याच्या आधीचं काय? त्यासाठी डॅनियल बून हा शिकारी आणि वाटाड्या पुरेसा आहे. जन्म १७३४, पेनसिल्व्हेनिया. १७७५ मध्ये कंबरलँडच्या खिंडीतून केंटकीत वाट पाडणारा तो हाच. त्याचं आयुष्य वाचताना शौर्य कमी आणि घरातली मरणं जास्त लक्षात राहतात. एक मुलगा १७७३ मध्ये केंटकीत वसायच्या पहिल्याच प्रयत्नात मारला गेला, दुसरा १७८२ च्या लढाईत. मधे मुलीला शॉनी या तिथल्या मूळ रहिवाशांनी पळवली, ती सोडवून आणली. पुढे तो स्वतःच त्यांच्या हाती सापडला. त्यांच्या नायकानं त्याला मुलगा मानलं, आणि काही महिन्यांनी हा तिथून निसटला. आणि ज्या केंटकीसाठी एवढं केलं तिथल्या त्याच्या जमिनी कागदपत्रं धड नसल्यानं हातच्या गेल्या. १७९९ मध्ये, पासष्टीच्या घरात, हा माणूस उठून मिसूरीला गेला. तो मुलूख तेव्हा स्पेनचा होता.

त्याला समोर बसवून काढलेलं एकच चित्र आहे, १८२० सालचं, मरणाच्या तीनच महिने आधीचं. चित्रकार चेस्टर हार्डिंग. हा आधी पाट्या रंगवायचा. केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावात त्यानं सहा महिन्यांत शंभरेक पोर्ट्रेटं काढली होती, डोक्याला २५ डॉलर. यावरून एक ध्यानात घ्या: रानाच्या कडेला वसलेल्या गावातही हौसेनं पैसे मोजून चेहरा काढून घेणारी शंभर माणसं सहा महिन्यांत मिळत होती. ‘फ्राँटियर’, म्हणजे वसाहतींची रानाला लागून असलेली कड, म्हणजे नुसतं जंगल आणि कातड्याचे कपडे, ही आपली कल्पना इथंच डळमळते. हार्डिंगनं बूनला शोधून काढलं तेव्हा म्हातारा झोपडीत बंदुकीच्या गजाभोवती हरणाच्या मांसाची पट्टी गुंडाळून ती विस्तवावर भाजत होता. गप्पांत हार्डिंगनं विचारलं, रानात कधी हरवला होतात का? बून म्हणाला, हरवलो असं नाही म्हणता यायचं, पण एकदा तीन दिवस चक्रावलो होतो खरा. चित्राला बसला तेव्हा तो इतका थकला होता की मान स्थिर राहावी म्हणून एका परिचितानं मागून त्याचं डोकं धरलं होतं. फोटोवाल्यांचा लोखंडी आकडा यायला अजून वीस वर्षं होती. त्याआधी हा माणसाच्या हाताचा आकडा.

त्या चित्रातला बून गालफडं बसलेला, पांढऱ्या केसांचा म्हातारा आहे. पण बाजाराला तो नको होता. हार्डिंगनंच त्यावरून उभं, पुऱ्या उंचीचं चित्र केलं, त्यावरून त्याच वर्षी छापचित्र निघालं, आणि त्यात बून बंदूक आणि कुत्रा घेऊन शिकारीच्या वेषात ताठ उभा आहे. पुढे लोकांनी त्याला रॅकून नावाच्या जनावराच्या शेपटीची टोपी चढवली. घरच्यांच्या सांगण्यानुसार तो ती कधी घालत नसे, साधी फेल्टची हॅट वापरी. १८५१-५२ मध्ये जॉर्ज केलेब बिंगहॅमनं खिंडीतून वसाहतवाल्यांना घेऊन येणाऱ्या बूनचं प्रसिद्ध चित्र काढलं तेव्हा प्रवासी माणसाचा पार धर्मकथेतला मार्गदर्शक झाला होता. गंमत म्हणजे हाच बिंगहॅम नऊ वर्षांचा पोर असताना मिसूरीत हार्डिंगला काम करताना जवळून बघत असे. मला विचाराल तर मी पहिलं चित्र खरं मानतो, दुसरं जाहिरात आणि तिसरं प्रार्थना. तिन्ही जपून ठेवावीत, फक्त भिंतीवर एकाच्या जागी दुसरं लावू नये.

एक गोष्ट या फोटोंत दिसतच नाही, म्हणून सांगायला हवी. बुचर फिरत होता तो माळ रिकामा नव्हता, रिकामा केलेला होता. नेब्रास्का हा पॉनी या मूळ रहिवाशांचा मुलूख. एकामागून एक करारांत त्यांची जमीन आक्रसत गेली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यावर उरलेल्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. बुचरचा पहिला फोटो त्यानंतर दहाएक वर्षांनी. काउंटीचं नावही कस्टर, म्हणजे मूळ रहिवाशांशी लढताना १८७६ मध्ये मारल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्याचं. टेबल मांडून बसलेल्या कुटुंबामागच्या क्षितिजावर काहीच दिसत नाही, ते यामुळे.

आणि बसलेली माणसं सगळी एका साच्यातलीही नव्हती. १८८७ चा एक फोटो जेरी शोर्सच्या कुटुंबाचा आहे. गुलामीतून सुटलेला माणूस, आता स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या मातीच्या घरासमोर. त्याचे भाऊ शेजारीच राहत, पण आडनावं वेगळी, कारण ज्यानं त्यानं आपापल्या जुन्या मालकाचं नाव लावलं होतं. १८८६ चा दुसरा एक फोटो क्रिसमन घराण्यातल्या चार बहिणींचा. घरासमोर चौघी ओळीनं, जवळ खोगीर चढवलेले घोडे. कायद्यानं एकट्या बाईला जमीन घेता येत होती, पण एकवीस पूर्ण हवीत. मोठीनं १८८७ मध्ये अर्ज केला, दुसरीनं पुढच्या वर्षी, धाकट्या दोघींना वयात येईपर्यंत थांबावं लागलं. तोवर त्या आळीपाळीनं एकमेकींच्या घरी राहत. जमिनीवर राहण्याची अट पुरी व्हायची आणि रात्री एकटीला काढाव्या लागत नसत. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मात्र जमीन मिळत नव्हती, त्यामुळे नवऱ्याशेजारी बसलेल्या कितीतरी बायका फोटोत आहेत आणि सातबाऱ्यावर नाहीत.

बुचरच्या घराला १८९९ मध्ये आग लागली. लिहिलेलं सगळं जळालं, छापील फोटो जळाले. निगेटिव्ह दुसरीकडे होत्या म्हणून वाचल्या. फिंचनं पैसे घातले आणि १९०१ मध्ये काउंटीचा इतिहास एकदाचा निघाला. १९१२ मध्ये बुचरनं सगळ्या काचा राज्याच्या इतिहास संस्थेला ६०० डॉलरना विकल्या. मागितले होते हजार. आज त्या स्कॅन होऊन सगळ्यांना पाहायला मिळतात, आणि म्हणूनच दारातून आत डोकवा असं सुरुवातीला म्हणालो. कागदावरच्या छापील प्रतीत उघडं दार म्हणजे काळा चौकोन असतो. पण निगेटिव्हमध्ये तीच जागा सगळ्यात पातळ असते, आणि नीट स्कॅन केलं तर त्या पातळ थरात अडकलेलंही वर येतं. मोठा फोटो उतरवून घ्या, दारावर झूम करा आणि उजेड हळूहळू वाढवा. एखाद्या घरात कपाटाची कड दिसेल, एखाद्यात चुलीचा पाइप. एखाद्यात अंगणात मांडायच्या लायकीचं न वाटलेलं आणखी काही.